वाळलेलं लॅव्हेंडर घरात आलंय: खायचं की कपाटात ठेवायचं?

गिरणाकाठची
मंडळी, मदत हवी आहे. भाचा फौजेत आहे, सध्या पोस्टिंग जम्मूकडे. सुट्टीवर येताना दरवेळी अक्रोड आणि राजमा आणतो, त्यांचं काय करायचं ते आपल्याला कळतं. यंदा मात्र भद्रवाहहून लॅव्हेंडरच्या वाळलेल्या कळ्या घेऊन आला, त्याही पाव किलो! वजनाला इतक्या हलक्या की पाव किलोत मोठी पिशवी भरली. "मावशी, लोक चहात घालतात, बिस्किटात घालतात," एवढं सांगून पठ्ठ्या ड्युटीवर परत.

आमचं जळगावचं घर. काळा मसाला, ठेचा, शेंगदाणे, दादर ज्वारीची भाकरी यात सगळं आलं. पाकीट ओट्यावर उघडलं तर ओसरीवरून सासरे विचारतात, "पावडरचा डबा सांडला का गं?"

घरात दोन पक्ष पडलेत. लेकीला बासुंदीत घालून बघायचंय. सासूबाई म्हणतात, खायच्या वस्तूला साबणाचा वास कशाला, कपाटात टाक. पाकिटावर 'खाण्यायोग्य' असं छापलेलं आहे. कोणी प्रत्यक्ष वापरलंय का? नेटवर पाककृती ढिगाने आहेत, पण त्या सगळ्या ओव्हन, क्रीम आणि ब्लूबेरीवाल्या. आपल्या स्वयंपाकात याचं काय होतं ते सांगा. आणि घरात वापरायचं तर नेमकं कसं?

भरीतभाऊ
भरतात टाका. पार्टीला आलेले पाहुणे एका घासात उठतील, उरलेलं सगळं तुमचं.

धुळ्याचा_बंड्या
शेवभाजीवर कोथिंबिरीच्या जागी भुरभुरा. रस्सा बी पेता यी, आंग बी धोवाई जाई.

बिबडेवाली
बंड्याभाऊ, हसून घ्या. मी भुसावळला घरून बिस्किटं-केकच्या ऑर्डरी करते, लॅव्हेंडर नेहमी वापरते, म्हणून सविस्तर लिहिते.

ताई, पहिली गोष्ट म्हणजे या कळ्या खायच्या नसतात, त्यांचा वास उतरवून घ्यायचा असतो. दाताखाली आली की कडवट लागते आणि तिथेच लोक 'साबण' म्हणून तोंड वाकडं करतात. दूध, तूप, साखर किंवा पाक यात भिजवायच्या, गाळायच्या, चोथा फेकायचा.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. लिटरभर दुधाला अर्धा छोटा चमचा, तोही सपाट. बासुंदी आटवून झाली, गॅस बंद केला, की मलमलच्या कापडात बांधून पुरचुंडी सोडायची. पाच-सात मिनिटांनी चव घ्यायची, आणि 'अजून थोडा वास हवा होता' असं वाटत असतानाच काढायची. थंड झाल्यावर वास पुढे येतो. दुधाबरोबर उकळत ठेवलं की कडूपणा उतरतो, मग साखर कितीही घाला, तो जात नाही. त्या बासुंदीत वेलची-जायफळ नको, तिघं एकमेकांशी भांडतात. बदाम चालतो.

सगळ्यात सोपं म्हणजे साखर. दोन वाट्या साखरेत एक मोठा चमचा कळ्या, घट्ट झाकणाची काचेची बरणी, दोनेक आठवडे ठेवायची, अधूनमधून हलवायची. मग चाळून घ्या. ही साखर लिंबू सरबतात अप्रतिम लागते, लिंबाशी याचं जमतंच. आंब्याच्या रसात मात्र अजिबात नको, आंब्याला कोणाची गरज नाही.

नानकटाई करत असाल तर तुपात उतरवा. वाटीभर तुपाला एक छोटा चमचा कळ्या, तूप कोमट पातळ होईल इतकंच तापवायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं, गाळायचं, पुन्हा थिजू द्यायचं. पुढे नेहमीसारखी पिठीसाखर घालून फेसा. तिकडे इंग्लंडात शॉर्टब्रेडमध्ये लॅव्हेंडर घालायची पद्धत आहे, आणि नानकटाई त्याच नात्यातली, त्यामुळे इथे ते परकं वाटत नाही.

तिखटमिठाच्या पदार्थात मी घालत नाही. आपल्या काळ्या मसाल्यापुढे ते टिकणारही नाही.

तापीतीर
बिबडेवाली ताईंचं लिहिणं नेहमीप्रमाणे नेमकं. पण माझा मुळातच आक्षेप आहे. आपल्याकडे वाळा आहे, केवडा आहे, गुलाबकळी आहे, दवणा-मरवा आहे. माठात वाळ्याची जुडी टाकून प्यायलेलं पाणी ज्याला ठाऊक आहे त्याला हे जांभळं कौतुक कशाला? मॉलमध्ये चारशे रुपयांच्या कॉफीत कोणी घातलं म्हणून आपण बासुंदी बिघडवायची? उद्या खापरावरच्या मांड्यातही घालाल.

आखाजी
मांड्यात नाही आणि कानबाईच्या रोटातही नाही! नैवेद्याला हात लावायचा नाही, बाकी काय ते प्रयोग करा.

गिरणाकाठची
@आखाजी, रोटाचं नावही काढणार नाही हो. सासूबाई घराबाहेर काढतील, आणि बरोबरच आहे त्यांचं.
@तापीतीर काका, तुमचा मुद्दा मान्य, पण आता पाव किलो आलंय ना घरात. फेकू का?

अत्तरवाल्याचा_नातू
ताई, करण्याआधी एक तपासा. लॅव्हेंडर म्हणून बाजारात चार-पाच वेगळ्या वस्तू मिळतात आणि त्यांची सरमिसळ होते.

खायला चालतं ते लॅव्हेंडुला अंगुस्तिफोलिया. यात कापूर अगदी कमी, वास गोडसर. दुसरा प्रकार लॅव्हेंडिन, हा संकर आहे. झाड मोठं, तेलाचा उतारा जास्त, म्हणून साबण आणि धुण्याच्या पावडरींना त्याचंच तेल जातं. फ्रान्समधल्या जांभळ्या शेतांचे फोटो बघता ना, त्यातली बरीचशी याचीच. यात कापूर जास्त, त्यामुळे खाण्यात घातलं की सर्दीचा बाम चाटल्याची चव येते. सासूबाईंना साबण आठवला यात त्यांचं काही चुकलं नाही, आपण आयुष्यभर हा वास साबण आणि पावडरीतूनच घेतलाय.

तिसरं म्हणजे जडीबुटीच्या दुकानात मिळणारं उस्तुखुद्दूस. आमच्या आजोबांच्या दुकानात याची पोती असत. तेही लॅव्हेंडरच्याच घराण्यातलं, लॅव्हेंडुला स्टोकास, पण ते युनानी औषध. इत्रीफल उस्तुखुद्दूस नावाचं चाटण जुन्या सर्दी-डोकेदुखीला देतात. अक्कलकुव्याला युनानी कॉलेज आहे, बऱ्हाणपूरलाही आहे, तिथल्या कोणत्याही हकिमाला विचारा, ते ओळखतील. 'लॅव्हेंडरच द्या' म्हटलं की काही दुकानदार हेच बांधून देतात. औषध म्हणून ठीक, बिस्किटात घालू नका.

चौथं, शोभेच्या वाडग्यात ठेवायची सुकी फुलं. त्यांवर बऱ्याचदा वरून सुगंध मारलेला असतो, रंगही. ती तोंडाजवळसुद्धा आणू नका.

भद्रवाहचं असेल तर बहुधा पहिल्या जातीचं. तिकडे जम्मूच्या भारतीय एकात्मिक औषध संस्थेने शेतकऱ्यांना अंगुस्तिफोलियाचीच रोपं दिलीत. तरी पाकिटावर वनस्पतीचं नाव बघा.

गिरणाकाठची
बघितलं, अंगुस्तिफोलियाच आहे. बाकी मजकूर इतका बारीक की लेकीला मोबाइलने फोटो काढून मोठा करावा लागला.

नुसताच_वाचक
खरं सांगू का, सुट्या वाळलेल्या कळ्या बघितल्या की मला उंदराच्या लेंड्या आठवतात. क्षमस्व.

बिबडेवाली
@नुसताच_वाचक, अहो जेवणाची वेळ आहे!!

पुणेरी_खान्देशी
इथे पुण्यात कॅफेत 'लॅव्हेंडर लाटे' मागवली तर फिकट जांभळी येते. घरी बायकोने केली तर रंग चहाच्या गाळणीखालच्या पाण्याचा. आमचं काय चुकतंय?

बिबडेवाली
काहीच नाही चुकत. वाळलेल्या लॅव्हेंडरचा अर्क जांभळा नसतोच, फिकट पिवळट-तपकिरी येतो. कॅफेतला रंग वरून घातलेला असतो. कुठे खायचा रंग, कुठे गोकर्णीची फुलं. तुमच्या अमळनेरच्या घराच्या कंपाउंडवर निळी गोकर्ण असेलच. तिची चार फुलं गरम पाण्यात टाका, निळं पाणी येतं. त्यात लिंबू पिळलं की आंबटाने जांभळं होतं. लॅव्हेंडर साखरेचं सरबत आणि त्यात हे पाणी, पाहुण्यांपुढे ठेवा आणि त्यांची तोंडं बघा.

पुणेरी_खान्देशी
म्हणजे चारशे रुपये गोकर्णीचे होते तर.

केळीवाला_रावेर
विषय निघालाच आहे तर विचारतो. तिकडे काश्मिरात, जम्मूत मका काढून लोकांनी हे लावलं अशा बातम्या येतात. आपल्याकडे मक्याच्या जागी येईल का? केळीला करप्याने आणि वादळाने बेजार केलंय. कोणी रोपं विकायला आला होता, 'एकदा लावा, दहा-पंधरा वर्षं बघायला नको' म्हणत होता.

सातपुडा_पायवाट
भाऊ, त्या रोपवाल्याला चहा पाजा आणि रवाना करा.

दहा-पंधरा वर्षं जगतं हे खरं आहे, पण तिकडे. भद्रवाह हे दोडा जिल्ह्यातलं गाव, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर. जळगाव दोनशेच्या आसपास. लॅव्हेंडर मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांतलं. त्याला थंडीचा विसावा लागतो, खडकाळ, चुनखडीची, पाणी झटकन निथळणारी जमीन लागते. आपली काळी माती ओल धरून बसते, श्रावणातच मुळं कुजतात. त्यातून वाचलं तर मे महिन्याचं ४५ अंश आहेच. कुंडीत वाळू-खडी घालून, पत्र्याखाली, हौस म्हणून जगवणारे आहेत, पण त्याला शेती म्हणत नाहीत. जम्मूतसुद्धा हे आपोआप झालेलं नाही. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनखाली रोपं, प्रशिक्षण, तेल काढायच्या भट्ट्या असं सगळं पुरवलं गेलं, मग कुठे २०२२ मध्ये भद्रवाहला लॅव्हेंडर महोत्सव भरला.

आता तापीतीर काकांसाठी. लॅव्हेंडरचा एक गावठी भाऊ आपल्याकडेही उगवतो, लॅव्हेंडुला बायपिन्नाटा. घोडेघुई म्हणतात त्याला. पावसाळा सरता सरता माळावर, पायवाटेच्या कडेला दिसतो, चिरलेली पानं आणि बारीक निळसर-पांढरी फुलं. पण नाकाला लावून निराश व्हाल. नात्याने लॅव्हेंडर, वासाने गवत.

सुगंधी पिकाचंच म्हणत असाल तर खान्देशाकडे स्वतःचं होतं, आणि ते जगभर जात होतं. रोशा गवत, म्हणजेच तिखाडी. सातपुड्याच्या उतारांवर, नंदुरबार-पिंपळनेर पट्ट्यात आपोआप वाढणारं. फुलोऱ्यावर आलं की कापायचं आणि तिथेच ओढ्याकाठी भट्टी लावून तेल काढायचं. हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जायचं, आणि तिथे कशासाठी घ्यायचे माहीत आहे का? महागड्या गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला! रोशाच्या तेलात जिरॅनिऑल हा सुगंधी घटक भरपूर, वास गुलाबाच्या जवळ जाणारा. व्यापारात त्याला चक्क 'टर्किश जिरॅनियम' नाव पडलं होतं. माल आमच्या डोंगरातला आणि नाव तुर्कांचं. इंग्रजांच्या काळातल्या खान्देश गॅझेटियरमध्येही या तेलाची नोंद आहे.

आजही हे गवत पामारोजा म्हणून लावतात, साबण-सौंदर्यप्रसाधनांत तेल जातं. केळीवाले भाऊ, हलक्या, कोरडवाहू तुकड्यावर काही सुगंधी करायचंच असेल तर याची चौकशी करा. लखनौची सीमॅप ही औषधी-सुगंधी वनस्पतींची संशोधन संस्था वाणं देते. पण भट्टी आणि खरेदीदार कुठे आहे ते आधी, लागवड नंतर.

तापीतीर
हे! हेच म्हणत होतो मी! आमच्या आजीच्या गुडघ्यांना तिखाडीचं तेल चोळलेलं मला आठवतं. तो वास अजून नाकात आहे. आणि आपण जम्मूच्या पाकिटावर चर्चा करतोय.

धुळ्याचा_बंड्या
म्हणजे सुलतानाच्या बेगमेने लावलेलं गुलाबाचं अत्तर आमच्या पिंपळनेरचं गवत व्हतं. आते मी कॉलर टाइट करीसन फिरस.

केळीवाला_रावेर
@सातपुडा_पायवाट, धन्यवाद. रोपवाल्याचा फोन उचलणार नाही. रोशाचं बघतो.

नणंदबाई
घरातल्या वापराचं कोणी लिहिलंच नाही, मी लिहिते. माझ्याकडे लॅव्हेंडर गेली काही वर्षं कपाटातच आहे, स्वयंपाकघरात मी त्याला येऊ देत नाही.

जुन्या सुती साडीचे, धुऊन धुऊन मऊ झालेले तुकडे घ्यायचे. तळहाताएवढी पिशवी शिवायची, दोन-तीन मोठे चमचे कळ्या भरायच्या, तोंड शिवून टाकायचं, नुसतं बांधलं तर भुगा सांडतो. सिंथेटिक कापड नको, वास अडकतो. पैठण्या-शालूंमध्ये ठेवताना पिशवी जरीला टेकू देऊ नका, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेल्या साडीच्या वर ठेवा. वास मंदावला की पिशवी मुठीत चुरगळायची, पुन्हा येतो. असं बरेच महिने चालतं. नंतर कळ्या बदला.

गोधड्यांच्या पेटीत मात्र एका पिशवीवर विसंबू नका. कसर लागलेली असेल तर लॅव्हेंडरने ती मरत नाही, फार तर नवी यायला जरा कचरते. आधी गोधड्या वैशाखाच्या उन्हात दोन्ही बाजूंनी तापवा, आपल्या उन्हासारखं औषध नाही. मग पेटीत भरा, मग वासाची पिशवी.

आणि गव्हाच्या कोठीत टाकू नका! आमच्या शेजारणीने सांगून ऐकलं नाही. सोंडे आले ते आलेच, वर पोळ्यांना वास. कोठीला आपला वाळलेला कडुनिंबाचा पाला बरा.

भुसावळ_जंक्शन
कूलरच्या टाकीत टाकलं तर? आमच्या क्वार्टरमध्ये मे महिन्यात कूलर बंदच नसतो, रात्रभर सुगंध सुटेल.

नणंदबाई
रात्रभर सुटेल, आणि सकाळी पंपाच्या जाळीत कळ्यांचा लगदा. टाकीतल्या कोमट पाण्यात फुलं कुजतात हो. वास हवाच असेल तर कूलरला वाळ्याच्या ताट्या लावा. गवताच्या ताट्यांपेक्षा महाग पडतात, पण पहिलं पाणी पडल्यावर जो वास येतो...

तापीतीर
नणंदबाई, तुम्ही माझ्या पक्षात कधी आलात?

नणंदबाई
कूलरपुरती. कपाटात लॅव्हेंडरच.

भुसावळ_जंक्शन
मग त्याचं तेल मिळतं ना बाटलीत, ते चार थेंब टाकीत?

यावलचा_डॉक्टर
नको, यासाठीच लॉगिन केलं. बंद खोलीत रात्रभर तेलाची वाफ, त्यात घरात दम्याचा पेशंट किंवा तान्हं मूल असेल तर त्रास होऊ शकतो. तेल आणि वाळलेली फुलं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाटलीतलं तेल म्हणजे किलोंनी फुलांचा अर्क. ते पोटात घ्यायचं नाही, सरबतात थेंब टाकायचा नाही, लहान मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही. कातडीलाही थेट लावू नका, काहींना पुरळ येतं.

झोपेबद्दल कोणी विचारायच्या आत सांगतो. उशीखाली पिशवी ठेवून बरं वाटत असेल तर जरूर ठेवा. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल अस्वस्थतेवर दिली जाते आणि तिच्यावर अभ्यासही झालेत, पण ते मोजूनमापून केलेलं औषध. त्या अभ्यासांचा दाखला देऊन चहात मूठभर कळ्या उकळू नका. झोपेची गोळी चालू असणाऱ्यांनी याचा काढा वगैरे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बिबडेवाली ताईंच्या अर्ध्या चमच्याला मात्र माझी काही हरकत नाही, उलट पार्सल चालेल.

कपाटाचा विषय निघालाय तर एक डांबराच्या गोळ्यांबद्दल. तान्ह्या बाळाची लंगोटं-दुपटी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या डांबराच्या गोळ्या टाकून ठेवतात, पुढच्या बाळासाठी. हे बंद करा. त्यातल्या नॅफ्थलीनने जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, कावीळ वाढते. ही कमतरता वरून दिसत नाही. त्या कपड्यांत गोळीही नको आणि कुठला वासही नको, नुसते धुवा, उन्हात वाळवा, स्वच्छ पिशवीत ठेवा.

बोक्याची_आई
घरात मांजर असेल तर लॅव्हेंडरचं तेल, डिफ्यूझर अजिबात नको. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणी-कल्याण संस्थेच्या यादीत हे झाड मांजर, कुत्रा, घोडा तिघांनाही विषारी म्हणून आहे. कपाटातल्या बंद पिशवीने काही होत नाही, पण आमचा बोका पिशव्याच फाडतो, म्हणून मी ठेवत नाही.

धुळ्याचा_बंड्या
घोड्यालाही? सारंगखेड्याच्या यात्रेत बोर्ड लावा.

भरीतभाऊ
इतकं सगळं वाचलं, आता माझा प्रामाणिक प्रश्न. बाजारात भरताची वांगी आली आहेत, पण हिरवी-पांढरट, मोठी, कमी बियांची खरी बामणोदकडची मिळत नाहीत. कोणी शेतकरी ओळखीचा आहे का?

केळीवाला_रावेर
व्यक्तिगत निरोप केलाय. तुऱ्हाटीवर भाजणार असाल तरच देईन, गॅसवर भाजणाऱ्याला नाही.

भरीतभाऊ
अहो, गॅसवर भाजणारा माणूस हे नाव लावेल का?

पुणेरी_खान्देशी
धागा वांग्यांनी पळवला, खान्देशचा नियमच आहे. मूळ विषयावर एक: 'हर्ब्स द प्रोव्हान्स' नावाच्या फ्रेंच मसाल्यात लॅव्हेंडर असतं ना? ते बटाट्यावर टाकतात. म्हणजे तिखटमिठात चालतं की.

अत्तरवाल्याचा_नातू
बाहेरदेशी विकायच्या पाकिटांत बऱ्याचदा असतं, फुलाने पाकीट देखणं दिसतं. खुद्द फ्रान्समध्ये त्या मसाल्याला 'लेबल रूज' हे दर्जाचं मानांकन आहे, त्याच्या घटकांत लॅव्हेंडर नाही.

तरी बटाट्याची कल्पना वाईट नाही. लॅव्हेंडरच्या वासाचा एक मुख्य घटक लिनालूल, आणि आपल्या धण्याच्या तेलातही सगळ्यात जास्त लिनालूलच. धणे ताजे भाजून कुटताना नीट वास घ्या, मागे एक फुलासारखी झाक असते, ती हीच. त्यामुळे भरडलेले धणे, मिरी, मीठ आणि अगदी चिमूटभर लॅव्हेंडर, असं उकडलेल्या बटाट्याला तुपात परतून लावलं तर जमतं. लाल तिखट आणि लसूण आला की संपलं.

बिबडेवाली
धण्याचं हे मला माहीत नव्हतं. आजच करते.

गिरणाकाठची
मंडळी, उशीर झाला, घरात लग्न होतं. सगळं वाचलं आणि बरंच करूनही बघितलं.

साखर केली. सरबत सगळ्यांनी प्यायलं, सासऱ्यांनी दोन पेले. गोकर्णीचं पाणी घातल्यावर शेजारची पोरं जादू बघायला रोज दुपारी हजर. लिंबं संपली.

बासुंदी बिबडेवाली ताईंनी सांगितली तशीच केली. लेकीला आवडली. मला आवडली, पण खरं सांगायचं तर मला वेलचीचीच बासुंदी हवी असते, ही एखाद्या वेळची. सासूबाईंनी एक चमचा घेतला, वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "वाईट नाही. पण बासुंदी नाही ही." त्यांना खोडून काढण्यासारखं मला काही सुचलं नाही.

बटाटे चांगले झाले, पण बाजूला ठेचा वाढला होता, त्यामुळे लॅव्हेंडर होतं की नव्हतं ते ठेच्यालाच माहीत.

बाकीच्या पिशव्या शिवल्या. कापड सासूबाईंच्या जुन्या पातळाचं, शिवल्याही त्यांनीच. लग्नात आहेराच्या साड्यांबरोबर एकेक दिली, तर आता मागण्या येतायत. थोडं खाण्यासाठी काचेच्या बरणीत, फडताळात खालच्या कप्प्यात ठेवलंय. भाच्याला फोन केला, पुढच्या वेळी अक्रोड आण म्हणून.

तापीतीर काका, तुमच्यासाठी: नंदुरबारच्या नातेवाइकांना तिखाडीबद्दल विचारलंय. मिळालं तर त्याचीही पिशवी करून बघते.

तापीतीर
कर. पण तिखाडीची पिशवी कपाटात नको, फुलोऱ्यासकट जुडी बांधून खुंटीला टांग. आणि मिळाली तर दोन जुड्या आण, एक माझी.

नणंदबाई
ताई, साड्यांचं दुकान आणि पिशव्यांचं दुकान एकत्र काढा.

धुळ्याचा_बंड्या
सरबतना फोटू टाका.

चोपड्याची_सून
सगळा धागा एका दमात वाचला. दिवाळीची नानकटाई आम्ही घरी भाजत नाही, तूप-मैदा-साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जातो, तिथेच फेसून, ठोकून भाजून मिळते. लॅव्हेंडरचं तूप घेऊन गेले तर चालेल का? भट्टीच्या आचेत वास उडून जाईल असं वाटतंय.

बिबडेवाली
चालेल. थोडा उडतो, म्हणून भट्टीसाठी तुपात कळ्या दीड चमचा घ्या, पण गाळून न्या. आणि घाणा सकाळी पहिल्या आचेवर लावू नका, दुपारी भट्टी उतरलेली असते तेव्हा जा. भट्टीवाल्याला तूप कशाचं आहे ते आधी सांगून ठेवा, नाहीतर वास घेऊन तो तुमचा डबा खराब म्हणून परत करेल. तुमचे पत्रे वेगळे लावायला सांगा, शेजारणीच्या साध्या नानकटाईत मिसळले तर दिवाळीत भांडण.